गाडी महिनाभर पळते, तरी हातात काही उरत नाही: एका मालक-चालकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी छोट्या वाहतूकदारांचे हिशेब बघतो. एकच गाडी, आणि तिचा मालक तोच तिचा चालक, अशी माणसं माझ्याकडे सहसा दोन-तीन हप्ते थकल्यावर येतात. तोवर करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. या प्रकरणातले गृहस्थ एकही हप्ता थकलेला नसताना आले. "गाडी एक दिवस रिकामी बसत नाही, तरी पंपावरची उधारी वाढतेच आहे. कुठे चुकतंय ते दाखवा," एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

चौदा वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या गाड्या पगारावर चालवल्या होत्या. मग साठवलेली सगळी रक्कम भरून, उरलेल्याचं कर्ज काढून एक जुनी पण चांगल्या स्थितीतली जड मालगाडी घेतली. मी भेटलो तेव्हा तिला घेऊन सव्वा वर्ष झालं होतं. हिशेबाची वही त्यांची पत्नी ठेवत असे. वही व्यवस्थित होती, हे मुद्दाम सांगतो. डिझेलच्या पावत्या महिन्यानुसार पाकिटात, प्रत्येक फेरीचं भाडं, मिळालेली आगाऊ रक्कम, बाकी, सगळं लिहिलेलं. कष्टात किंवा नोंदीत आळस कुठेच नव्हता.

ओळख कळू नये म्हणून नाव, ठिकाण, माल आणि रकमा इथे दिलेल्या नाहीत. पहिल्या वर्षाचं सरासरी मासिक भाडं 100 भाग धरलं आहे आणि बाकी सगळे आकडे त्याच मापात आहेत.

अडचण

वहीप्रमाणे महिन्याच्या 100 भागांतून डिझेल आणि ऑइलला 46 जात, टोल, हमाली, पार्किंग असा रस्त्यावरचा खर्च 9, हप्ता 21, विमा आणि कागदपत्रांचा वर्षाचा खर्च बारा महिन्यांत वाटून 5, टायर आणि दुरुस्ती 9. एकूण 90. उरलेले 10 घरात. या दहाला ते दोघं नफा म्हणत होते.

मी विचारलं, "नोकरीत होतात तेव्हा पगार किती होता?" या मापात तो 12 निघाला. म्हणजे स्वतःची गाडी स्वतः चालवून, जोखीम अंगावर घेऊन, त्यांना पगाराहून दोन भाग कमी मिळत होते.

टायर-दुरुस्तीचा 9 हा आकडाही फसवा होता. तो प्रत्यक्ष भरलेल्या पैशांचा होता, झालेल्या झिजेचा नव्हता. आम्ही गाडीभोवती फिरलो. पुढच्या डाव्या टायरच्या आतल्या कडेवर त्यांनी हात फिरवला आणि तो तसाच धरून ठेवला. बाहेरून नक्षी शाबूत, आतून रबर गुळगुळीत. अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ रेष, बिघडलेली होती. मागच्या जोडचाकांत एक टायर नवा, शेजारचा अर्धा झिजलेला. व्यासात फरक पडला की जास्त भार मोठ्या टायरवर येतो आणि लहान टायर रस्त्यावर घासत जातो, त्यामुळे दोन्ही लवकर संपतात. पुढच्या वर्षभरात लागणारे टायर, क्लच, ब्रेक लायनर यांचा अंदाज मांडला तेव्हा महिन्याला 13 भाग बाजूला पडायला हवे होते. चार भागांची झीज दर महिन्याला पुढे ढकलली जात होती.

तिसरी गोष्ट वहीत कुठेच नव्हती. पंपावरची उधारी आणि हातउसने मिळून साधारण 100 भागांचं देणं झालं होतं, महिना दोन टक्क्यांनी. ते व्याज भरलं जात नसे, मुद्दलात चढत असे. आणखी 2 भाग.

पगारातले 2, झिजेचे 4, व्याजाचे 2. दरमहा 8 भागांची तूट, आणि तीन वेगवेगळ्या ठिकाणी वाटली गेल्यामुळे कुणाच्याच डोळ्यांना न दिसणारी.

दिवसांचा हिशेब

खर्च कळला, पण कारण कळलं नव्हतं. त्यासाठी मी त्यांना 90 दिवस एक साधी डायरी ठेवायला सांगितली. रोज गाडी काय करत होती, तेवढंच. नव्वद दिवसांनी ती उघडली तेव्हा मलाही अपेक्षा नव्हती असं चित्र दिसलं. गाडी 47 दिवस चालली. 19 दिवस माल भरायच्या किंवा उतरवायच्या रांगेत उभी होती. परतीचं भाडं मिळेपर्यंत 9 दिवस गेले, गॅरेजमध्ये 6, आणि घरी 9. "एक दिवस रिकामी बसत नाही" हे त्यांना मनापासून वाटत होतं, कारण रांगेत उभं राहणं त्यांच्या लेखी कामच होतं. शरीराला ते कामच असतं. पण भाड्यात त्याचा एक पैसा नव्हता.

किलोमीटर झाले 24,000, त्यातले 6,700 रिकामे. म्हणजे 28 टक्के अंतर डिझेल जाळून, टोल भरून, कमाईविना.

या धंद्यात खर्चाची दोन घड्याळं चालतात. हप्ता, विमा, व्याज आणि चालकाचा पगार दिवसाने चढतो, गाडी उभी असो वा धावो. डिझेल, टोल, टायर किलोमीटरने चढतात. बहुतेक मालक-चालक भाडं ठरवताना फक्त दुसरं घड्याळ बघतात, कारण त्याचे पैसे खिशातून लगेच जातात. यांच्या बाबतीत दिवसाचा खर्च महिन्याला 40 भाग, म्हणजे रोजचा 1.33. किलोमीटरचा खर्च 68 भाग आठ हजार किलोमीटरला, म्हणजे दर हजारी 8.5.

(हप्त्यातली मुद्दल हा खर्च नसतो, त्याऐवजी घसारा धरायचा, असं हिशेबाचं शास्त्र सांगतं आणि ते बरोबर आहे. इथे गाडीची किंमत ज्या वेगाने उतरत होती साधारण त्याच वेगाने मुद्दल फिटत होती, म्हणून आम्ही हप्ताच खर्च धरला. ज्यांचं कर्ज फिटलंय त्यांनी मात्र घसारा धरायलाच हवा, नाहीतर पुढची गाडी घ्यायला पैसे कुठून येणार?)

हे माप हातात आल्यावर त्यांच्याच दोन फेऱ्या तपासल्या. पहिली लांबची: 1,100 किलोमीटर, भाडं 16 भाग. त्यांची आवडती, कारण एकरकमी मोठा आकडा दिसतो. पण उतरवायला दोन दिवस, परतीच्या मालाला एक दिवस, पुढचं भरण्याचं ठिकाण 300 किलोमीटर रिकामं. एकूण सहा दिवस आणि 1,400 किलोमीटर. दिवसांचे 8, किलोमीटरचे 11.9, मिळून जवळपास 20. प्रत्येक अशा फेरीत सुमारे 4 भाग खिशातून जात होते. दुसरी जवळची: 260 किलोमीटर, भाडं फक्त 6. दीड दिवस, रिकामे धरून 320 किलोमीटर. खर्च 4.7. उरले 1.3. ही फेरी ते नाइलाज असेल तरच घेत.

पत्नीने ती दोन गणितं परत स्वतः केली. मग म्हणाल्या, "म्हणजे ज्या फेरीनंतर हे थकून यायचे, तीच तोट्याची होती."

लांबची फेरी वाईट आणि जवळची चांगली, असा अर्थ यातून काढू नये. मी उलटी उदाहरणं पाहिली आहेत: जवळच्या गोदामावर दिवसभर रांग असली की छोटी फेरी सगळ्यात महाग पडते. ठरवतात ते दिवस आणि रिकामे किलोमीटर.

समोरचे पर्याय

त्यांच्या मनात आधीपासून एक उत्तर होतं: दुसरी गाडी. कर्ज तत्त्वतः मंजूर झालं होतं. दोन गाड्या झाल्या की खर्च विभागला जाईल, असा समज. पण हप्ता, विमा, टायर, चालकाचा पगार यातलं काहीच विभागलं जात नाही, प्रत्येक गाडी आपापला घेऊन येते. तोट्याच्या फेऱ्या दुप्पट झाल्या असत्या. हा पर्याय बाजूला ठेवायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण त्यात त्यांचं स्वप्न गुंतलं होतं आणि ते मला तोडायचं नव्हतं.

दुसरा पर्याय, गाडी एका कंपनीकडे महिन्याच्या करारावर लावायची. निश्चित उत्पन्न, भाडं शोधण्याची दगदग नाही. कराराचा मसुदा मी वाचला. डिझेलचा भाव वाढला तर दर वाढण्याचं कलम त्यात नव्हतं, आणि किमान किलोमीटरची हमीही नव्हती. खर्चाचा जवळजवळ निम्मा भाग डिझेल असताना त्याच्या भावाची सगळी जोखीम चालकावर टाकणारा करार घेणं मला धोक्याचं वाटलं. ती दोन कलमं असती तर मी कदाचित हाच पर्याय सुचवला असता.

तिसरा, गाडी विकून परत नोकरी. हा पर्याय उच्चारायला कुणी तयार नव्हतं, म्हणून मीच काढला. विक्रीतून कर्ज फिटून थोडी रक्कम उरत होती, पण दर महिन्याला ती कमी होत जाणार होती. चर्चेअंती आम्ही एक तारीख ठरवली: सहा महिन्यांत त्यांचा पूर्ण पगार, 12 भाग, नियमित निघू लागला नाही तर गाडी विकायची. तूट अंगवळणी पडण्याआधी थांबण्याची जागा ठरलेली असणं मला फार महत्त्वाचं वाटतं. पाण्यात उतरल्यावर ती ठरवता येत नाही.

चौथा पर्याय, आहे तोच धंदा दुरुस्त करायचा. तो घेतला.

काय केलं

सुरुवात वहीच्या मागच्या पानावरच्या एका कोष्टकापासून. फोनवर भाडं सांगितलं की लगेच हो म्हणायचं नाही. किती दिवस, किती किलोमीटर, परतीला काय, हे भरायचं, दोन गुणाकार करायचे आणि मग बोलायचं. पहिल्या महिन्यात त्यांनी सात भाडी नाकारली. नाकारलेल्या प्रत्येक भाड्याच्या रात्री झोप लागली नाही, असं ते म्हणाले.

उभं राहण्याचे पैसे मागणं हे त्याहून अवघड काम होतं. पोचल्याची वेळ बिल्टीवर, म्हणजे मालासोबतच्या वाहतूक पावतीवर, फाटकापाशीच लिहून सही घ्यायची, पहिले 24 तास मोफत, त्यानंतर रोजचं हॉल्टिंग (उभं राहण्याचं भाडं), असं पत्र आम्ही त्यांच्या तीन मुख्य ग्राहकांना दिलं. एकाने लगेच मानलं. एकाने साफ नकार दिला. तिसऱ्याची गोष्ट पुढे येते. पण वेळ लिहायला लागल्यापासूनच फरक पडला. वेळेची नोंद असलेली गाडी लवकर आत घेतली जाऊ लागली, हॉल्टिंग मिळो न मिळो.

डिझेलमध्ये तीन गोष्टी. वेग मोकळ्या रस्त्यावर 85 वरून 70 वर आणला. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 85 ला तो 70 च्या तुलनेत साधारण दीडपट असतो. रांगेत केबिन गार राहावी म्हणून इंजिन चालू ठेवणं बंद केलं. जड गाडीचं इंजिन नुसतं उभ्याने तासाला तीनेक लिटर डिझेल पितं. रोज चार तास धरले तरी त्या 19 दिवसांत सव्वादोनशे लिटरच्या आसपास धुरात गेलं होतं. आणि टायरला लाथ मारून हवेचा अंदाज घेण्याची जुनी सवय सोडून, आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना, गेजने हवा तपासणं सुरू केलं. अलाइनमेंट करून घेतली, जोडचाकांत समान झिजेचे टायर बसवले. अ‍ॅव्हरेज लिटरला 3.4 वरून 3.8 झालं.

पैशांची तीन खाती केली. भाडं आलं की दर हजार किलोमीटरला 1.6 भाग गाडीच्या खात्यात, महिन्याच्या ठरलेल्या तारखेला 12 भाग पगार घरखर्चाला, उरलेलं धंद्याच्या खात्यात. पाचव्या महिन्यात क्लच गेला. गाडीच्या खात्यात 22 भाग साठले होते, दुरुस्तीला 14 लागले. गाडी घेतल्यापासून पहिल्यांदा मोठी दुरुस्ती उधारीशिवाय झाली. त्या दिवशी त्यांनी फक्त ते सांगायला फोन केला होता.

झोपेचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो मला सगळ्यात जड वाटतो. रांगेत गेलेला दिवस ते रात्री चालवून भरून काढत होते. सोळा-सोळा तास. एका पहाटे बाजूच्या पट्टीवर चाक चढल्याच्या खडखडाटाने जाग आली, हे त्यांनी तिसऱ्या भेटीत, पत्नी बाहेर गेल्यावर सांगितलं. सलग 17 ते 19 तास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात 0.05 टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी मंदावते, असं प्रयोगांत दिसून आलं आहे. युरोपीय संघाच्या नियमांत साडेचार तास चालवल्यावर 45 मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. अमेरिकेत माल वाहणाऱ्या चालकाला सलग 10 तासांच्या विश्रांतीनंतर 11 तासच चालवता येतं. आम्ही साडेचार तासांचा नियम घेतला आणि दिवसाची मर्यादा 10 तास ठरवली. ते शक्य झालं ते कोष्टकामुळे. रांगेच्या दिवसाचे पैसे भाड्यात धरले की रात्र विकायची गरज राहत नाही.

चुकलेलं पाऊल

तिसरा ग्राहक सगळ्यात मोठा. साठ टक्के भाडं त्याच्याकडून येई आणि पैसे सरासरी 70 दिवसांनी. म्हणजे कोणत्याही क्षणी 140 भाग, जवळपास दीड महिन्याचं पूर्ण भाडं, त्याच्याकडे अडकलेलं. पंपावरची उधारी जन्माला आली ती तिथे. पोच, म्हणजे माल मिळाल्याची सही केलेली पावती, वेळेवर न पाठवणं हेही एक कारण होतं: ती ते परतल्यावर, आठ-दहा दिवसांनी, गठ्ठ्याने देत, आणि बिलाची मुदत पोच मिळाल्यापासून मोजली जाई. ती त्याच दिवशी फोनवरून फोटो काढून पाठवायची आणि मूळ प्रत पहिल्या संधीला पोचवायची, एवढ्यानेच दहाएक दिवस वाचले.

इथवर ठीक. पण तिसऱ्या आठवड्यात, हिशेब डोळ्यांपुढे असल्याच्या जोशात, आम्ही कळवलं की जुनी बाकी मिळेपर्यंत नवा माल उचलणार नाही. पत्राचा मसुदा माझा होता. ग्राहकाने काही उत्तर न देता माल देणं थांबवलं. अठरा दिवस. बदली काम हाताशी नव्हतं, आणि 1.33 च्या हिशेबाने 24 भाग त्यात गेले. शेवटी त्यांनी स्वतः जाऊन, आवाज न चढवता बोलून मार्ग काढला: जुनी बाकी चार टप्प्यांत, नव्या फेरीला डिझेलपुरती आगाऊ रक्कम. तो तोडगा चांगला होता, पण तो पत्राशिवायही निघाला असता.

त्यानंतर क्रम उलटा केला. आधी दोन छोटे, पंधरा दिवसांत पैसे देणारे ग्राहक जोडले, मग मोठ्याचा वाटा हळूहळू कमी केला. चार महिन्यांत तो 60 वरून 35 टक्क्यांवर आला.

वर्षभरानंतर

शेवटच्या तीन महिन्यांची सरासरी अशी. भाडं 100 वरून 97 वर उतरलं. किलोमीटर महिन्याला 8,000 वरून 6,300. रिकामं अंतर 28 वरून 17 टक्के. नव्वद दिवसांत गाडी 48 दिवस चालली, रांगेत 13, परतीच्या मालासाठी 6, गॅरेजात 4, आणि घरी 19.

खर्च: डिझेल 33, रस्ता 7, टायर-दुरुस्ती 11, हप्ता 21, विमा-कागदपत्रं 5, व्याज 1, पगार 12. एकूण 90. पगार घेऊन, झीज भरून, 7 भाग उरतात. आधी 8 ची तूट होती. विक्रीसाठी ठरवलेली सहा महिन्यांची तारीख आली तेव्हा पगार सलग दोन महिने पूर्ण निघाला होता. "नियमित" म्हणायला दोन महिने पुरे आहेत का, यावर आमची चर्चा झाली आणि मुदत तीन महिने वाढवली. आकडे तसे राहिले नसते तर तो निर्णय माझ्या अंगाशी आला असता, हे मान्य करतो.

सगळं सुटलेलं नाही. नकार देणारा ग्राहक अजून हॉल्टिंग देत नाही. त्याच्या कामात रांगेचा एक दिवस धरूनच दर सांगितला जातो, आणि कधी कधी काम दुसऱ्याला जातं.

पुन्हा करायचं तर

गाडी घेताना साठवलेली सगळी रक्कम डाउन पेमेंटला घालणं ही मूळ चूक होती, असं आता आम्हा दोघांचं मत आहे. किमान दोन महिन्यांचा पूर्ण खर्च हातात ठेवून घ्यायला हवी होती, त्यासाठी थोडी लहान किंवा आणखी जुनी गाडी चालली असती. भाड्याचे पैसे उशिरा येणार हे त्यांना चौदा वर्षांच्या नोकरीत रोज दिसत होतं, पण तेव्हा ती काळजी मालकाची होती.

डायरीही गाडी घ्यायच्या आधी ठेवता आली असती. नोकरीतल्या गाडीचे 90 दिवस लिहिले असते तर कोणत्या मार्गावर किती रांग लागते हे फुकट कळलं असतं. आता जे कुणी नोकरी सोडून गाडी घ्यायचा विचार घेऊन येतात, त्यांना मी आधी हेच करायला लावतो.

आणि ते पत्र मी पाठवू दिलं नसतं.

हप्ते अजून 26 बाकी आहेत. उरणाऱ्या 7 भागांतून आधी पंपाची उधारी फिटते आहे, अजून पाचेक महिने लागतील. दुसऱ्या गाडीचा विषय मागच्या भेटीत पत्नीनेच काढला. त्यांनी वही उलटी केली, मागचं कोष्टक उघडलं, दुसऱ्या गाडीच्या रोजच्या खर्चाचा आकडा वर लिहिला, आणि खालचे भाड्याचे रकाने रिकामे ठेवले. कोणता ग्राहक ते भरणार, हे कळल्यावर पुन्हा बसायचं ठरलं आहे.